शुक्रवारची गाणी, सड्यावरची रेंज

माझ्या वडिलांचा वार बुधवार. रात्री आठला रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला लागायची आणि आमच्या खळ्यात शेजारची दोन-तीन घरं येऊन बसायची. कुठलं गाणं कितव्या पायदानावर चढेल यावर पैजा लागत. माझा वार शुक्रवार. 10 जुलै 2015 पासून जगभरच्या रेकॉर्ड कंपन्यांनी नवी गाणी शुक्रवारी काढायचं ठरवलं. त्याआधी ब्रिटनमध्ये सोमवार होता, अमेरिकेत मंगळवार. आता बहुतेक स्वतंत्र कलाकारही तोच दिवस धरतात.

2019 मध्ये मी मुंबईची नोकरी सोडून देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत परतलो, आंब्याची कलमं बघायला. मुंबईत नवं गाणं शोधावं लागत नसे. शनिवारी कुठेतरी छोटा कार्यक्रम असायचा, तिथे कुणीतरी पुढच्याचं नाव सांगायचं. इथे आल्यावर ती साखळीच तुटली. वाडी खाली, माडांत. घरात फोनला एक दांडी आली तर आली. धड रेंज हवी तर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, जायचं. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी पाणी लावून झालं की मी कातळावर चढतो, आठवड्याची गाणी उतरवून घेतो आणि अंधार पडताना खाली येतो. ही सवय तेव्हाची, अजून मोडलेली नाही.

पहिले सहा महिने हाती फारसं लागलं नाही. स्पॉटिफाय हे गाणी ऐकायचं अ‍ॅप नुकतंच, फेब्रुवारी 2019 मध्ये, भारतात आलं होतं. दर सोमवारी ते तीस गाण्यांची यादी बनवून देतं, शुक्रवारी नव्या गाण्यांची वेगळी. मला वाटलं, झालं, शोधणारा मिळाला. पण तुम्ही जे ऐकता त्याच्याच आसपास ती यादी फिरते. मला प्रतीक कुहाड मनापासून आवडतो. म्हणून मला हळू गिटारवर अर्ध्या आवाजात गाणारे चाळीस जण मिळाले. त्यांतले काही चांगले होते, पण महिनाभराने कोण कुठला हे आठवेना.

वाट सापडली ती श्रेयनामावलीतून. गाण्यापुढच्या तीन ठिपक्यांवर दाबलं की कुणी लिहिलं, कुणी वाजवलं, निर्मिती कुणाची, हे दिसतं. एका गाण्यातली बेस गिटार माझ्या डोक्यातून जाईना. वाजवणाऱ्याचं नाव काढलं, ते शोधलं, तर त्याच माणसाने आणखी तीन गाण्यांत वाजवलेलं. त्यातलं एक कोचीच्या मुलांचं, एक शिलाँगच्या मुलीचं. त्या मुलीचं गाणं मला कुठल्याही यादीने दिलं नसतं, कारण माझ्या आधीच्या ऐकण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तेव्हापासून मी गायकाच्या मागे जात नाही. ध्वनिमिश्रण करणारा, ड्रम वाजवणारा, मुखपृष्ठाचं चित्र काढणारा, यांच्या मागे जातो. ही माणसं एकाच वेळी पाच जणांबरोबर काम करत असतात आणि त्यांची निवड पक्की असते.

आलेली गाणी मी तीनदा ऐकतो. पहिल्यांदा सड्यावर, वाऱ्यात, आणि त्या ऐकण्यावर मत बनवत नाही. दुसऱ्यांदा सकाळी कलमांना पाणी घालताना. तिसऱ्यांदा हंगाम असेल तर पॅकिंगच्या शेडमध्ये, स्पीकरवर. वहीत गाण्याचं नाव आणि एक ओळ लिहितो. पाणी घालता घालता चाल आपोआप तोंडात आली तर पुढे खूण करतो. वीस गाण्यांत अशा खुणा दोन-तीनच पडतात.

एक गोष्ट लवकर लक्षात आली. या सेवांवर गाणं तीस सेकंद वाजलं की एक ऐकणं धरलं जातं. म्हणून हल्ली कितीतरी गाणी आरंभाचं वादन टाकून थेट मुखड्यावर उडी मारतात. 1949 साली मिनिटाला 45 फेऱ्यांची सात इंची तबकडी निघाली तेव्हा निदान सुई टेकवलेला माणूस ती लगेच उचलत नसे. मला संथ उघडणारी गाणी आवडतात, म्हणून अशा गाण्याला मी मुद्दाम जास्त वेळ देतो.

मिळालेलं दुसऱ्यापर्यंत पोचवणं मात्र शोधण्याहून कठीण गेलं. सुरुवातीला मी घरच्या ग्रुपवर एका संध्याकाळी अकरा लिंका टाकल्या. साठ माणसं, पण एकाचंही उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी त्याखाली लग्नाची पत्रिका आली आणि माझी गाणी वर सरकून गेली. वाईट वाटलं. आठवडाभर निवडलेली होती ती. मग विचार केला की आंब्याची पेटी आपण चौकात ठेवून येतो का? कुणाला द्यायची ते नाव धरूनच भरतो. कणकवलीला माझी मामेबहीण नर्स आहे. तिला रात्रपाळीनंतरच्या एसटीसाठी एक गाणं पाठवलं आणि लिहिलं, ‘दीड मिनिटाला ढोल येतो, तिथपर्यंत थांब.’ ती थांबली. संध्याकाळी तिचा फोन आला, ‘दादा, या माणसाचं आणखी काय आहे?’

तेव्हापासून नियम एकच: एक गाणं, एक माणूस, दोन वाक्यं. लिंक शक्यतो यूट्यूबची, कारण ती सगळ्यांकडे उघडते. कलाकाराचं अधिकृत चॅनेल आहे ना, एवढं पाहून घ्यायचं, कुणीतरी परत चढवलेली प्रत नको. नवख्या कलाकाराला अशी दहा माणसंही लागतात. 2024 पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं वर्षभरात हजार वेळा वाजलं नाही तर त्याचे पैसेच धरले जात नाहीत. पहिलं गाणं काढणाऱ्या मुलासाठी हजार हा आकडा केवढा असतो, ते मी वाडीत बसून समजू शकतो.

पॅकिंगच्या शेडमध्ये माझं खरं शिक्षण झालं. एप्रिलमध्ये रात्री अकरापर्यंत आमची निवड चालते. पेंढा पसरलेला, फळं आकाराप्रमाणे लावलेली, सात-आठ माणसं पेट्या भरताहेत. काकी भजनी मंडळातल्या. त्यांनी पहिल्या रात्रीच विचारलं, ‘ह्यां गाणां खंयचां?’ मी जरा घाबरत अभंग रीपोस्ट या बँडचं एक गाणं लावलं. संतांचे अभंग घेऊन ही मुलं गिटार-ड्रमवर बांधतात. काकी हात थांबवून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, शब्द नीट म्हणतात, पण ठेका थोडा घाईत आहे. बरोबर होतं ते. ज्यांनी आयुष्यभर डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, ऐकली, बुवाने ऐन रंगात चाल बदलली की कुठे उचललं आणि कुठे पडलं ते ज्यांना कळतं, त्यांना नव्या गाण्याची भीती घालायचं कारण नाही. तासाभराने त्याच म्हणाल्या, ‘तां मगाचां परत लाव.’ क्रेटेक्स आणि श्रेयसचं ‘तांबडी चामडी’ 2024 मध्ये सगळीकडे वाजू लागलं तेव्हा शेडमधल्या पोरांना मी काही सांगायची गरज नव्हती, त्यांनीच मला ऐकवलं. मराठी शब्द क्लबच्या ठेक्यावर इतके मोकळे बसतात, याचा त्यांना झालेला आनंद मी पाहिला.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं. आमच्याकडे नऊ दिवस वीज नव्हती आणि सड्यावरसुद्धा रेंज नव्हती. पडलेली कलमं तोडताना ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन लावला, तर अ‍ॅपमधली गाणी काही दिवसांनी उघडेनात. उघडली ती फक्त बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकार जिथे आपली गाणी थेट विकतात त्या संकेतस्थळावर, विकत घेतलेली, फाइल म्हणून माझ्याच कार्डात असलेली पंधरा-वीस गाणी. तीच आम्ही ऐकली. तेव्हापासून वहीतलं जे गाणं महिन्याने टिकतं ते, मिळत असेल तर, विकत घेतो. बँडकॅम्प साधारण 15 टक्के ठेवून उरलेलं कलाकाराकडे जाऊ देतं, आणि मार्च 2020 पासून काही ठरावीक शुक्रवारी आपला वाटाही सोडतं. मी खरेदी त्या शुक्रवारांसाठी राखून ठेवतो.

बागेची राखण करणारा आमचा गडी नेपाळचा. इथल्या बागांत पुष्कळ नेपाळी माणसं असतात, पावसानंतर येतात आणि हंगाम आटोपला की गावी जातात. तीन हंगाम तो माझी गाणी गप्प ऐकत होता. मी त्याला कधी विचारलंच नव्हतं, तू काय ऐकतोस. एका रात्री पेटीवर खिळे मारता मारता त्याने आपला फोन पुढे केला, ‘दादा, हे लाव.’ सज्जनराज वैद्य हा नेपाळी गायक गात होता. शब्द अर्धे कळले, चाल पूर्ण कळली. काकींनी पेंढ्यातून मान वर केली. त्या रात्री शेडमध्ये मी एकही गाणं लावलं नाही. काठमांडूत आज कोण काय करतंय, ते त्याने एकामागून एक ऐकवलं, आणि कोण कुणाबरोबर वाजवतो तेही त्याला ठाऊक होतं.

जूनमध्ये गावी निघताना त्याने माझ्या वहीतल्या खुणा केलेल्या गाण्यांची नावं मागितली. मी कार्डात भरून दिली, तीस गाणी. या वर्षी नोव्हेंबरला तो आला तेव्हा पिशवी ओटीवर ठेवायच्या आधी फोन काढला. गावाकडून एकवीस आणली होती. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, सड्यावर आम्ही दोघे गेलो.