काटापट्टीच्या पाठीवरचा आकडा

या आठवड्यात आमच्या शेतीच्या विजेच्या फिडरला रातची पाळी. कागदावर लाइन बाराला, बाकी तिची मर्जी. गहू ओलायला वावरात गेलो, सोबत बारावीतला भाचा. शेकोटीजवळ बसल्या बसल्या त्यानं कोडं घातलं.

"मामा, ० ते ९ एकेकदाच वापरून दहा आकडी संख्या करा. पयल्या दोन आकड्यांच्या संख्येला २ नं भाग गेला पाह्यजे, पयल्या तिनाच्या ३ नं, असं करत अख्ख्या संख्येला १० नं."

वावरात रेंज नाही हे पाहूनच विचारलं लेकाच्यानं. खिशात कापसाची काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती होती, तिच्या पाठीवर सुरू केलं.

शून्य शेवटी, पाच पाचव्या जागी. सम जागांवर सम आकडे, म्हणून उरलेल्या विषम जागा १, ३, ७, ९ च्या. इथवर बिडी विझायच्या आत झालं. पुढं चारचा भाग. तिसरा आकडा विषम, मग चौथा २ किंवा ६ च हवा. १४, ३८ चारानं जातच नाहीत. आठव्या जागेचंही तसंच. म्हणजे ४ आणि ८ दुसऱ्या नि सहाव्या जागी गेले. पयल्या तिघांची बेरीज तिनानं जाते, तर सहाच्या भागासाठी पुढच्या तिघांचीही जायला पाहिजे. मधे २५८ तरी, नाहीतर ६५४. नऊची तर चिंताच नाही: १ ते ९ ची बेरीज ४५, कसेही मांडा.

मधेच शेजारच्या हरभऱ्यात रानडुकरं शिरली. दोघं डबा बडवत धुऱ्यापर्यंत जाऊन आलो. परत येईस्तोवर शेकोटी राखेत.

तीन आणि आठाच्या चाळणीतून शेवटी दहाच उमेदवार उरले, आणि दहाही जणांचा फैसला सातावर. सातची कसोटी मला शाळेतही कधी ध्यानात राहिली नाही. सरळ भागाकार. माझा जीव ९८७६५४३ वर होता, कसा देखणा उतरता आकडा! बाकी ५. एकेक करून नऊ गळाले. उरला ३८१६५४७, म्हणजे ७ गुणिले ५४५२२१. पुढं २, ९, ० लावले: ३८१६५४७२९०. तीन अब्ज एक्क्याऐंशी कोटी पासष्ट लाख सत्तेचाळीस हजार दोनशे नव्वद. अशी दुसरी संख्याच नाही.

"मामा, हा मोबाइल नंबर घेता येईन का?"

नाही येणार. आपले नंबर ६, ७, ८, ९ नंच सुरू होतात.

लाइन अडीचला आली, तासाभरात गेली. सकाळी घरी बायकोनं चहा देता देता विचारलं, "किती झालं?"

"दहातला एकच निघाला," मी झोपेत बोललो.

ती वाफ्यांचं विचारत होती.