पालीची अंडी, फुगलेले कपॅसिटर आणि तपकीर गल्लीच्या दोन फेऱ्या

मे महिन्यातला वळीव. कराडात वीज तीनदा गेली आणि आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा टेबलाखालून बारीकसा ‘फट्’ आवाज झाला आणि बाबांनी २०१३ मध्ये घेतलेला डेस्कटॉप मुका झाला.

दुकानदारानं कॅबिनेटचं झाकण काढून आत टॉर्च मारला. “ताई, यात आता काही राहिलं नाही. आठशे देतो, ठेवून जा. नवा बावीस हजारांत बसवून देतो.” भाचीला बीसीएला प्रवेश मिळाला होता, तिला मशीन लागणारच होतं, पण बहिणीला एकदम बावीस हजार काढणं जमण्यासारखं नव्हतं. मला मात्र त्या आठशेचाच राग आला. काही राहिलं नाही, तर आठशे कशाचे?

मशीन रिक्षात घालून परत आणलं. आईचा जुना मसाल्याचा डबा मागून घेतला. सात वाट्यांत सात जागचे स्क्रू, म्हणजे हार्ड डिस्कचे जाड आट्यांचे आणि मदरबोर्डाचे (सगळे भाग जिच्यावर बसतात ती पाटी) बारीक एकमेकांत मिसळत नाहीत. एसएमपीएसच्या, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, जाळीमागे पालीची दोन अंडी निघाली, रिकामी. भाची किंचाळून जी बाहेर गेली ती ब्रशनं धूळ झाडून होईपर्यंत आत आली नाही.

सगळ्यात आधी एसएमपीएस. यू क्लिप सरळ करून २४ पिनांच्या जोडाची हिरवी वायर शेजारच्या काळीशी जोडली. एसएमपीएस धडधाकट असेल, तर एवढ्यावर त्याचा पंखा फिरतो. फिरला नाही. मल्टीमीटर जांभळ्या वायरला लावला. मशीन बंद असतानाही तिथे ५ व्होल्ट हवेत, आकडा शून्यावरच. मेला होता. त्याचं झाकण मात्र मी उघडलं नाही आणि तुम्हीही उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या डबीवर, सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट चढलेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते लगेच उतरत नाहीत.

नवा ४५० वॉटचा एसएमपीएस १,७५० रुपयांना घेतला. तीनशे-चारशेत जुना मिळत होता. पण बाकी सगळं ज्याच्या जिवावर चालणार, तोच भाग कुणाच्या तरी मशीनमधून उपटलेला घ्यायचा, हे मनाला पटेना. तो जोडला, तर प्रोसेसरचा पंखा अर्धा फेरा फिरून थांबायचा, परत अर्धा फेरा, परत थांबायचा. मग टॉर्च घेऊन बोर्डावर वाकले. प्रोसेसरशेजारचे तीन कपॅसिटर टम्म फुगलेले आणि एकाच्या डोक्यातून तपकिरी रस येऊन वाळलेला. म्हणजे बोर्डही गेला.

उरलं काय? इंटेलचा तिसऱ्या जनरेशनचा (पिढीचा) आय-५ ३४७० प्रोसेसर, चार-चार जीबीच्या दोन डीडीआर-३ रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, कॅबिनेट आणि मॉनिटर. या प्रोसेसरच्या पोटातच ग्राफिक्स आहे, त्यामुळे वेगळं कार्ड नको. त्याच्या सॉकेटचा (प्रोसेसरची बोर्डावरची बैठक), म्हणजे ११५५ चा, जुना बोर्ड मिळाला की झालं, असा माझा हिशेब.

अर्ध्या तिकिटात एसटीनं स्वारगेट, तिथून मेट्रोनं मंडई, पुढे पायी पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली. एच-६१ जातीचा वापरलेला बोर्ड १,३०० रुपयांना, सात दिवसांची चेकिंग वॉरंटी. दुकानदारानं स्वतःचा प्रोसेसर लावून डिस्प्ले दाखवला, मी पैसे दिले आणि खुशीत परतले.

घरी येऊन प्रोसेसर बसवला. याच्या खालच्या बाजूला पिना नसतात, त्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, केसाएवढ्या. एक वाकली की बोर्ड फुकट. श्वास रोखून, खाचेला खाच जुळवून वरून नुसता ठेवला आणि तरफ दाबली, तर असं करकरलं की वाटलं, गेला! ते करकरणं नेहमीचंच, हे मागाहून कळलं. प्रोसेसरवरची, त्याची उष्णता वर नेणारी, वाळून खपली झालेली जुनी पेस्ट पुसून तांदळाएवढी नवी लावली. रॅमचे सोनेरी दात खोडरबरानं घासले. स्क्रूड्रायव्हरनं पॉवरच्या दोन पिना टेकवल्या. पंखा फिरला, फिरतच राहिला. मॉनिटर काळा.

एक रॅम काढली, दुसरी लावली, स्लॉट बदलले, बोर्डावरचा सेल काढून दहा मिनिटांनी परत बसवला. काळा तो काळाच. रात्री साडेअकराला आई म्हणाली, “झोप आता, त्याला पण झोपू दे.”

सकाळी पुण्याच्या दुकानदाराला फोन केला. त्याचा पहिलाच प्रश्न, “प्रोसेसर कितव्या जनरेशनचा?”

“तिसऱ्या.”

“मग तसं सांगायचं ना, ताई!”

घोटाळा असा. एच-६१ चे बोर्ड २०११ मध्ये आले, दुसऱ्या जनरेशनसाठी. तिसरी २०१२ ची. सॉकेट तेच, प्रोसेसर बसतोही व्यवस्थित, पण बोर्डाचा बायॉस, म्हणजे मशीन सुरू करणारा त्याच्यातला प्रोग्रॅम, जुना असेल तर तो या पाहुण्याला ओळखतच नाही. बायॉस नवा करायचा तर त्याला ओळखीचा प्रोसेसर लावायला हवा, म्हणजे दुसऱ्या जनरेशनचा, आणि तो माझ्याकडे कुठून असणार? दुकानात दाखवलेला डिस्प्ले दुसऱ्या जनरेशनच्या आय-३ वर होता. मी विचारलं नव्हतं, त्यानं सांगितलं नव्हतं.

पुन्हा एकशेसाठ किलोमीटर. या खेपेला प्रोसेसर आणि रॅम डब्यात घालून सोबत नेल्या, ज्या पहिल्याच खेपेला न्यायला हव्या होत्या. त्यानं आय-३ लावून पेनड्राइव्हवरून बायॉस चढवला. दहा मिनिटं, शंभर रुपये. मग माझा प्रोसेसर लावला आणि त्याच्या काउंटरवरच मॉनिटर उजळला.

हार्ड डिस्क मी मधल्या काळात बहिणीच्या लॅपटॉपच्या यूएसबीला सटा केबलनं (डिस्क जोडायच्या वायरनं) जोडून बघत होते आणि ती फिरतच नव्हती, म्हणून रडकुंडीला आले होते. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, यूएसबीतून मिळतात पाच. नव्या एसएमपीएसवर ती निमूट फिरली. १६ सेक्टर वाचता न येणारे दिसले, म्हणून आधी बाबांचे फोटो उतरवून घेतले. आता ती फक्त सिनेमे ठेवायला.

सिस्टिमसाठी २४० जीबीची नवी एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क, १,६०० रुपये. या बोर्डावर तिचा पूर्ण वेग मिळत नाही, तरी जुन्या डिस्कच्या तुलनेत मशीन पळतं. विंडोज ११ ला इंटेलची आठवी जनरेशन लागते आणि १० ची नेहमीची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, तेव्हा विंडोजऐवजी मोफत मिळणारं लिनक्स मिंट टाकलं. रॅमची तपासणी रात्रभर लावून ठेवली होती, एकही चूक निघाली नाही. पेस्ट ८०, नवा सेल ३०. एकूण ४,८६० रुपये, एसटी-मेट्रो सोडून.

भाची त्यावर सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकतेय. कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा लाल दिवा मात्र लागत नाही. वायर उलटी बसली असणार. पुढच्या खेपेला झाकण उघडेन तेव्हा बघू.