नाताळची दुपार कुठल्या तारखेला?

आमच्या साहेबांनी (मी इंग्लंडमध्ये असतो, त्यामुळे हे खरेखुरे साहेब) डिसेंबरात एक हौसेचं काम माझ्या गळ्यात घातलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाताळच्या दिवशी समुद्रावर हवा कशी होती, याचा छोटासा नकाशा हवा होता. त्या काळची थंडी म्हटली की इथे सगळ्यांना गोठलेली टेम्स आठवते. तिच्या बर्फावर शेवटची जत्रा भरली ती फेब्रुवारी १८१४ मध्ये. माझं काम मात्र जहाजांच्या लॉगबुकांतल्या, म्हणजे प्रवासातल्या रोजच्या वह्यांतल्या, नोंदी संगणकात उतरवण्याचं. तिथे जत्रा नाही, नुसता वारा.

१८१० च्या आसपासचा एक ताफा निवडला. पोर्ट्समथहून हिंदुस्थानकडे निघालेली ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं आणि त्यांच्या राखणीला नौदलाची फ्रिगेट, म्हणजे चपळ युद्धनौका. लढाईचे दिवस होते, एकट्यादुकट्या जहाजाला पाठवत नसत. कंपनीचे लॉग ब्रिटिश लायब्ररीत असतात, नौदलाचे लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये. आमच्याकडे दोन्हींचे फोटो होते.

नाताळला ताफा फ्रान्सच्या पश्चिमेला, बिस्केच्या उपसागरात. फ्रिगेट सांगते: २५ तारखेला दुपारनंतर जोराचं वादळ, शिडं उतरवली. कंपनीचं जहाज सांगतं: २५ च्या दुपारी मंद वारा, स्वच्छ आकाश, वादळ २६ च्या दुपारी. दोन्ही जहाजं एकमेकांना दिसतील इतकी जवळ! पुढचे-मागचे दिवस लावून पाहिले. दुपारी बाराचे अक्षांश रोज जुळत होते. सकाळचा वाराही जुळत होता. फक्त दुपारनंतरचं काही म्हणता काही जुळेना.

कंपनीचा अधिकारी आळशी असणार, दुसऱ्या दिवशी आठवून लिहीत असणार, असं ठरवून त्याच्या नोंदींवर मी ‘अविश्वसनीय’चा शिक्का मारायला निघालो होतो. अडवलं ते बॅरोमीटरने. त्याच्याच लॉगमध्ये २५ च्या दुपारी बाराला पारा २९ इंचांच्या खाली उतरलेला, म्हणजे वादळाची चाहूल, आणि त्यानंतरची दुपार निवांत? आळशी माणूस पारा कशाला बघेल?

मग टंकलेली फाइल बाजूला ठेवली आणि पानाचा फोटोच उघडला. पानाच्या वरच्या अर्ध्यात लिहिलं होतं, सूर्यास्ताला ताफ्याला खूण केली. खालच्या अर्ध्यात, उजाडताच सगळी जहाजं मोजली. म्हणजे एकाच तारखेत संध्याकाळ आधी आणि पहाट नंतर. पानाच्या तळाशी दुपारी बाराची जागा. तिथे दिवस संपलेला.

हा समुद्री दिवस. दुपारी बाराला सूर्य डोक्यावर आला की अक्षांश काढायचा आणि तिथेच नवी तारीख लावायची. त्यामुळे लॉगमधली २५ तारीख सुरू होते आपल्या २४ च्या दुपारी. आपल्या २५ ची दुपार त्यांच्या लेखी २६. ब्रिटिश नौदलाने ही पद्धत ऑक्टोबर १८०५ च्या हुकमाने सोडली. कंपनीच्या जहाजांवर ती त्यानंतरही बरीच वर्षं चालू राहिली. वादळ एकच होतं, दोघांनी लिहिलंही बरोबर. चुकलो होतो मी. नोंदी भरायचा तक्ता मीच बनवलेला, त्यात तारखेसाठी एकच रकाना, आणि मदतनिसांना मीच सांगितलेलं की पानावरची तारीख जशीच्या तशी घाला. घरात स्मार्त आणि भागवत एकादशीचा घोळ बघत वाढलेल्या माणसाला, दिवस सुरू कधी होतो हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडायला हवा होता.

साहेबांना सांगितलं तेव्हा ते हसले, आणि मग विचारलं, “किती पानं?” तीन आठवड्यांची. दुपार ते मध्यरात्रीच्या सगळ्या नोंदी एक दिवस मागे घ्यायच्या होत्या. नुसता सूत्राचा मामला वाटतो, पण काही अधिकारी बंदरात नांगर टाकला की साधी तारीख धरत आणि समुद्रात निघाले की पुन्हा समुद्री, त्यामुळे प्रत्येक लॉगचं पान डोळ्यांखालून घालावं लागलं. नकाशा जानेवारीत झाला. तोवर नाताळ कुणाला हवा होता?

एक गंमत मात्र मनात राहिली. खलाशांचं मुख्य जेवण दुपारी बाराला असे. म्हणजे लॉगच्या हिशेबाने नाताळच्या जेवणाचा पहिला घास तोंडात जाईपर्यंत २६ तारीख लागलेली, आणि तासा-दोन तासांत वादळही.