दिल्लीचा स्टॅम्प, कॅनडातली सही

काकूंनी टेबलावर ठेवलेलं मुखत्यारपत्र, म्हणजे मुलाच्या वतीने फ्लॅटचा दस्त नोंदवायचा अधिकार देणारा कागद, दिसायला झकास होतं. जाड कागद, रंगीत फोटो, लाल सील, खाली शिक्का. दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकांनी ते परत केलं होतं आणि आणखी एक शिक्का बसला की काम होईल असं काकूंना वाटत होतं. "वकीलसाहेब, सही माझ्या मुलाचीच आहे, मी ओळखते ना!" मुलगा कॅनडात. त्याने एका संकेतस्थळावर पैसे भरले, आधार कार्ड अपलोड केलं, कोऱ्या कागदावरच्या सहीचा फोटो पाठवला आणि 'नोटरी केलेला' कागद कुरियरने आईच्या घरी पोहोचला. 'घरबसल्या नोटरी' ती हीच.

असा कागद हाती आला की मजकूर मी शेवटी वाचतो. आधी स्टॅम्प. इथे तो दिल्लीचा ई-स्टॅम्प होता, १०० रुपयांचा, आणि फ्लॅट महाराष्ट्रातला. आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ पासून जिथे १०० किंवा २०० रुपये चालायचे तिथे ५०० लागतात, हे त्या संकेतस्थळाच्या गावीही नव्हतं. मग शिक्का. नोटरी नियम, १९५६ प्रमाणे तो साधा, गोल आणि ५ सेंटीमीटर व्यासाचा हवा. त्यात नोटरीचं नाव, कार्यक्षेत्र, नोंदणी क्रमांक, 'नोटरी' हा शब्द आणि नेमणूक करणाऱ्या सरकारचं नाव. मी पट्टी लावली. साडेतीन सेंटीमीटर. कार्यक्षेत्र कुठेच नाही, आणि नोंदणी क्रमांकाचे शेवटचे आकडे शाईत बुडालेले. कार्यक्षेत्र नसणं ही किरकोळ गोष्ट नाही. नोटरीला प्रमाणपत्रात दिलेल्या हद्दीतच काम करता येतं, त्यामुळे हद्द लिहिली नसेल तर नेमकं तेच तपासता येत नाही.

त्यानंतर रजिस्टरचा अनुक्रमांक. तो नव्हताच. प्रत्येक कामाची नोंद नोटरी रजिस्टरमध्ये करावी लागते आणि तिथे पक्षकाराचीही सही घ्यावी लागते. पुढे कोर्टात 'ही सही माझी नाही' असं कोणी म्हटलं तर कागदापेक्षा त्या रजिस्टरचं पान जास्त कामाला येतं. इथे फोटोवर आडवी सही नाही, पहिल्या दोन पानांवर सही नाही, ओळख पटवणाऱ्याचं नाव नाही. आणि शेवटी ठसठशीत वाक्य: 'माझ्यासमोर सही केली.' त्या तारखेला मुलगा कॅनडात होता, हे काकूंनीच मला सांगितलं होतं. नोटरीचं सगळं काम त्या एका वाक्यात आहे. बाकीची शाई आणि तिकिटं त्यामागून येतात. व्हिडिओ कॉलवर दिसलेला माणूस म्हणजे समोर हजर असलेला माणूस नव्हे.

खरं तर शिक्का अस्सल असता तरी काम अडलंच असतं. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३३ प्रमाणे दस्त नोंदणीला सादर करण्यासाठी मुखत्यारपत्र द्यायचं तर भारतात राहणाऱ्याला ते निबंधक किंवा दुय्यम निबंधकांसमोरच करावं लागतं. नोटरीसमोर करून चालतं ते परदेशात राहणाऱ्याचं, आणि तो जिथे आहे तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत. अनेक वकिलांनाही हे कलम दस्त परत आल्यावर आठवतं.

म्हणून काकूंना रस्ता लिहून दिला. मुलाने वकिलातीची वेळ घ्यावी, मूळ पासपोर्ट न्यावा, घरी सही करून जाऊ नये, अधिकाऱ्यासमोरच करावी. मूळ कागद कुरियरने यावा आणि तो लिफाफा फेकू नये. परदेशात झालेला दस्त राज्यात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावा लागतो आणि तो कधी आला याचा पुरावा म्हणजे लिफाफ्यावरची तारीख. लिफाफे हमखास रद्दीत जातात.

काकूंना ते संकेतस्थळ कसं सापडलं? शोधलं, पहिलंच आलं. इथे माझी चिडचिड होते. नोटरी व्हायला दहा वर्षांची वकिली लागते (महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांना सात), मग अर्ज, मुलाखत, पाच वर्षांचं प्रमाणपत्र, आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या सहा महिने आधी. २०२४ मध्ये केंद्राने महाराष्ट्रात एकदम हजारोंनी नोटरी नेमले, तेव्हापासून नवे सहकारी विचारतात, "सर, ऑनलाइन जाहिरात कशी करायची?" करायचीच नाही. नोटरी हा आधी वकील असतो आणि बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेच्या, नियम ३६ ला काम मागणं आणि जाहिरात मंजूर नाही. २००८ च्या दुरुस्तीने स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनदेचा तपशील, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढं देता येतं. 'सर्वात स्वस्त', 'दहा मिनिटांत', पंचतारांकित अभिप्रायांची माळ, हे काही नाही.

माझ्या मते तेवढ्यातही बरंच करता येतं. नकाशावर खूण इमारतीच्या मध्यावर न ठेवता ज्या दाराने लोक येतात तिथे ठेवा. जेवणाची सुट्टी खरी लिहा. पक्षकाराने स्वतः यावं, मूळ ओळखपत्र आणावं, सही आधी करून आणू नये, एवढं ठळक लिहा. निम्मे हेलपाटे वाचतात. शिवाय काय होणार नाही तेही लिहा. लग्न आणि घटस्फोटाचे दस्त नोटरीने करू नयेत असं केंद्राच्या विधी विभागाने २०२४ मध्ये बजावलं आहे. लिव्ह अँड लायसन्स नुसतं नोटरी करून भागत नाही; भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे त्याची नोंदणी लागते आणि ती जबाबदारी घरमालकाची. असं लिहिल्याने गिऱ्हाईक जातं म्हणतात. जाऊ दे.

नियम ३६ वकिलाला बांधतो, संकेतस्थळ चालवणाऱ्या कंपनीला नाही. २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांची कामं मिळवून देणाऱ्या पोर्टलांवर ताशेरे ओढले, बार कौन्सिलला कारवाई करायला सांगितलं. काकूंना मिळालेलं पान अजून पहिलंच येतं.

तक्रारीचं मात्र अडलंय. नोटरीविरुद्ध नोटरी नियमांतल्या नियम १३ खाली सरकारकडे तक्रार करता येते. शिक्क्यावरचं नाव नोटरींच्या यादीत शोधलं तर त्या नावाचे दोघे निघाले, आणि क्रमांकाचे शेवटचे आकडे तर वाचता येत नाहीत. शिवाय शिक्का त्यांच्यापैकी कोणाचा नसूही शकतो. साडेतीन सेंटीमीटरचा शिक्का कुठेही बनवून मिळतो. नुसत्या नावावर तक्रार गेली तर एका निर्दोष माणसाची चौकशी सुरू व्हायची. काकूंच्या परवानगीने मी कागदाची प्रत ठेवली आहे. ती दोघांनाही स्पीड पोस्टाने पाठवणार आहे: हा शिक्का तुमचा असेल तर त्या तारखेचं रजिस्टरचं पान दाखवा, नसेल तर तसं लेखी कळवा.