एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघताय? आधी दिवस मोजा
बेस कॅम्पचं ठरलं की सगळे आधी बूट आणि जॅकेट बघायला लागतात, पण माझ्या मते पहिल्यांदा कॅलेंडर घेऊन बसा. जिथून चालायला सुरुवात होते ते लुक्ला साधारण 2860 मीटरवर, वाटेतली मुक्कामाची गावं नामचे 3440 आणि डिंगबोचे 4410, आणि बेस कॅम्प 5364, म्हणजे वर पोचाल तेव्हा हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्माच उरलेला असतो, मग तुम्ही रोज कितीही पळत असा, शरीराला सवय व्हायला वेळ द्यावाच लागतो. 3000 च्या वर गेलं की झोपायची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि नामचे, डिंगबोचेला एकेक रात्र जादा ठेवायचीच. तो रेस्ट डे लोळायचा नसतो बरं का, थोडं वर चढून यायचं आणि झोपायला परत खाली. डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ती गोळी, घ्यायची तर डॉक्टरांना विचारूनच.

व्यायामात जिने, जिने आणि जिने! भरलेली सॅक घेऊन चढायचे आणि उतरायचेसुद्धा, कारण गुडघ्यांची खरी वाट उतरताना लागते. नवे बूट जाड मोज्यांवर घालून उतारावर चालून बघा, अंगठा पुढे आपटला की समजायचं साईझ लहान आहे.

आणि प्लीज, डोकेदुखी लपवू नका. डोकं दुखतंय, मळमळतंय तर त्या दिवशी वर जायचं नाही, आणि चालताना तोल जायला लागला तर लगेच खाली उतरायचं, सकाळची वाट बघत बसायचं नाही.