ब्लॉक हाती येईपर्यंतचे १९ दिवस

आण्णांच्या ऑपरेशनबद्दल मी फार लिहिणार नाही, ते नीट झालं. डाव्या गालाच्या आत, तंबाखू-चुन्याची चिमूट तीस वर्षं जिथे बसली तिथेच गाठ होती. गाल, जबड्याचा थोडा भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या, छातीचं मांस लावून गाल भरला. सर्जन, सिस्टर, वॉर्डातले मामा सगळे जिवाला जीव देणारे. मला लिहायचंय ते त्याच इमारतीच्या तळमजल्यावरच्या पॅथॉलॉजीच्या खिडकीबद्दल आणि तिथे अडकलेल्या ब्लॉकबद्दल, म्हणजे काढलेल्या गाठीच्या मेणात जपलेल्या तुकड्यांबद्दल. वर्ष होत आलं तरी ती खिडकी डोक्यातून जात नाही.

अकराव्या दिवशी तपासणीचा रिपोर्ट आला. तो घेऊन आम्ही दुसऱ्या शहरातल्या रेडिएशनच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तीन पानं दोनदा वाचली आणि विचारलं, "गाठ किती मिलिमीटर खोल गेलीय ते कुठे लिहिलंय? मानेतल्या दोन गाठींत कॅन्सर आहे म्हणतात, पण त्यांचं कवच फुटलंय का?" दोन्ही गोष्टी रिपोर्टात नव्हत्या. कवचाबाहेर पेशी गेल्या असतील किंवा कापलेल्या कडेला राहिल्या असतील तर शेकाबरोबर, म्हणजे रेडिएशनबरोबर, सिस्प्लॅटिन हे केमोचं औषधही द्यावं लागतं, नाहीतर नुसता शेक. "स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही आणा, आमचे पॅथॉलॉजिस्ट पुन्हा बघतील. आणि ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत शेक सुरू व्हायला हवा, हे लक्षात ठेवा."

सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेला लाल गोल केला.

बाराव्या दिवशी सकाळी खिडकीवर गेले. "ताई, ब्लॉक बाहेर देत नाही. स्लाइड न्या." स्लाइड घेतल्या. रेडिएशनवाल्या डॉक्टरांचा फोन, ब्लॉकच लागतील. पुन्हा खिडकी. "सरांची सही लागते, सर शनिवारी येतात." शनिवारी सर परिषदेला गेलेले. सोमवारी सही मिळाली, तर "स्टोअरची चावी ज्यांच्याकडे आहे ते रजेवर." मग कळलं की १४ ब्लॉकपैकी चार दुसऱ्या एका लॅबमध्ये विशेष स्टेन, म्हणजे रंग देऊन तपासणी, करायला गेलेत आणि ते कधी येतील हे कुणालाच माहीत नाही. प्रत्येक खेपेला गावाहून एसटीने अडीच तास जायचं, अडीच तास यायचं. घरी आण्णा नाकातल्या नळीतून दूध घेत माझ्या चेहऱ्याकडे बघायचे. बोलता येत नव्हतं, भुवया उंचावून विचारायचे. मी मान हलवायची.

त्या खिडकीवर कुणी उद्धट बोललं नाही, हे मुद्दाम लिहिते. सगळे "उद्या या" एवढंच म्हणाले. पण आमच्या भिंतीवर लाल गोल होता आणि खिडकीपलीकडे कुणालाही तो दिसत नव्हता. माणसाच्या गालाचा तुकडा कपाटात पडून आहे आणि त्याच माणसाचे उपचार त्या तुकड्यासाठी खोळंबलेत, ही गोष्ट एकदाही कुणी मोठ्याने बोललं नाही. याचा राग अजून जात नाही.

मार्ग निघाला तो दादाने लेखी अर्ज केल्यावर. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत आहे की रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर वैद्यकीय कागदपत्रं ७२ तासांत द्यायची. नियम कागदपत्रांचा आहे, पण दादाने तो अर्जात नमूद केला, ब्लॉकचे नंबर लिहिले, पुढच्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडली, आण्णांचा अंगठा घेतला आणि आवक विभागातून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. चौथ्या दिवशी ब्लॉक मिळाले. पहिल्याच दिवशी आम्ही हे केलं असतं तर पंधरा दिवस वाचले असते. तुम्ही डिस्चार्जच्या दिवशीच अर्ज द्या, रिपोर्टची वाटही बघू नका.

ब्लॉक म्हणजे काय ते तोवर मला ठाऊक नव्हतं. प्लास्टिकची छोटी जाळीदार डबी, तिच्या पाठीवर पांढुरकं मेण, आणि मेणात मधोमध चिंचोक्याएवढा फिकट तपकिरी तुकडा. कडेला पेन्सिलीने नंबर. कापसात गुंडाळून १४ डब्या एका औषधाच्या खोक्यात दिल्या. हे मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं, आणि तो एप्रिल होता, सोलापूरकडचा. बंद गाडीच्या काचेखाली खोकं ठेवू नका. मी ते जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून मांडीवर धरून नेलं.

फेरतपासणीचा रिपोर्ट ३७ व्या दिवशी आला. गालातल्या गाठीची खोली ११ मिलिमीटर, मानेतल्या एका गाठीचं कवच फुटलेलं. म्हणजे सिस्प्लॅटिन लागणारच होतं. पहिला शेक ४६ व्या दिवशी मिळाला.

मधल्या काळात एक काम जरूर उरका, दातांचं. किडके दात शेकाच्या आधीच काढावे लागतात आणि जखम भरायला साधारण दोन आठवडे हवेत. आम्हाला हे उशिरा सुचलं, चार दिवस त्यातही गेले.

आता ज्या गोष्टीसाठी मी रात्र-रात्र मोबाइलवर वाचत बसले होते, ती सांगते. नव्या रुग्णालयात एका अभ्यासासाठी आमची संमती मागितली. तपासून उरलेल्या तुकड्यावर ते काही प्रथिनांचे स्टेन करणार होते: ग्लुट-वन, एमसीटी-फोर, सीए-नाइन. संमतीपत्र मराठीत होतं, कधीही माघार घेता येईल असं त्यात होतं. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी मला अर्धा तास बसवून समजावलं. कॅन्सरच्या पेशी साखर अधाशासारखी ओढतात आणि प्राणवायू असला तरी तिचं लॅक्टिक आम्ल करतात. ऑटो वॉरबर्ग यांनी हे १९२० च्या दशकातच दाखवलं होतं. ग्लुट-वन हे साखर आत घेणारं दार, एमसीटी-फोर हे आम्ल बाहेर टाकणारं दार, आणि सीए-नाइन प्राणवायू कमी पडलेल्या पेशीत वाढतं. प्राणवायू कमी असलेल्या पेशींवर शेकाचा परिणामही कमी होतो. पेट स्कॅनमध्ये गाठ चमकते तीही याच साखरेच्या ओढीमुळे. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरच्या बऱ्याच अभ्यासांत ही प्रथिनं जास्त दिसलेल्या रुग्णांचं आयुर्मान कमी निघालंय.

मी लगेच विचारलं, "मग आण्णांचं ग्लुट-वन किती ते सांगा." त्यांनी मायक्रोस्कोपखाली दाखवलं. निळ्या जांभळ्या पेशींच्या पुंजक्यांना तपकिरी किनार, आणि शेजारच्या रक्तवाहिनीतल्या लालपेशीही तपकिरी. लालपेशींवर ग्लुट-वन असतंच, त्यावरून स्टेन नीट झालाय हे कळतं. मग म्हणाल्या, "काकू, हे शेकडो रुग्णांचं सरासरी चित्र आहे. किती टक्के रंग म्हणजे जास्त, हे प्रत्येक लॅब वेगळं धरते. यावरून आम्ही आण्णांचं औषध बदलत नाही, आणि किती वर्षं हेही सांगू शकत नाही. औषध ठरतं ते खोली, गाठी, कवच आणि कडा यांवर." त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले.

साखरेवरून आणखी एक. हे सगळं वाचून मीच आण्णांची साखर बंद केली होती, चहासुद्धा गोड देत नव्हते. आहारतज्ज्ञ माझ्यावर रागावल्या आणि ते बरोबरच होतं. शेक चालू असताना वजन उतरणं फार वाईट. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असलेल्या रुग्णांचा निकालही अभ्यासांत वाईट दिसतो, आणि ते फक्त जेवणावर नाही, अंगातल्या सुजेवरही अवलंबून असतं. त्यांनी सांगितल्याप्रमाणे दुधात खजूर, शेंगदाण्याची पूड, अंड्याचा पांढरा भाग, सगळं मिक्सरमधून काढून नळीवाटे द्यायला लागलो. गूळही घातला.

एक राहिलंच. अभ्यासाला ब्लॉक द्यायचे असतील तर जबड्याच्या हाडाचा देऊन उपयोग नाही. हाड मऊ करायला आम्लात ठेवतात, त्यात ही प्रथिनं बिघडतात आणि स्टेन नीट येत नाही. गाठ आणि शेजारची चांगली त्वचा दोन्ही असलेला ब्लॉक मागतात. आणि दिलेल्या प्रत्येक डबीचा नंबर लिहून पावती घ्या.

शेक होऊन आता नऊ महिने झाले. आण्णा आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरतात, तोंड उघडायचा व्यायाम आहे तो. सुरुवातीला नऊ काड्या मावायच्या, आता सतरा. एक ब्लॉक अजून अभ्यासात आहे. बाकीचे तेरा आमच्या लोखंडी कपाटात, सातबाऱ्याच्या फाइलीशेजारी, नंबरांच्या यादीसकट ठेवलेत.