तीन सावत्र भाऊ, एक वारस

निफाडकडची दोन एकर द्राक्षबाग. मालक अविवाहित, मृत्युपत्र न करता गेला. बाग त्याने स्वतः घेतलेली. वारस नोंदीच्या अर्जासोबतची वंशावळ तपासायला आमच्याकडे, नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळ आणली. वारसांत पहिलं नाव 'आई'. खाली 'सावत्र भाऊ' तीन.

मयताची आई तर लहानपणीच वारली होती. अर्जातली आई म्हणजे बापाची दुसरी बायको. समोरच बसल्या होत्या. ''तीस वर्षं मला आईच म्हणायचा तो. सावत्र कशाला लिहिता?'' घरात हे बरोबरच. पण हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 मध्ये आई वर्ग 1 मध्ये, म्हणजे पहिल्या हक्काच्या वारसांत आहे. इथे बायको-पोरं नाहीत, म्हणजे नुसतं 'आई' राहिलं असतं तर सगळी बाग एकट्या त्यांच्या नावावर चढली असती. सावत्र आई येते ती 'बापाची विधवा' म्हणून, वर्ग 2 मध्ये, भावाच्या बऱ्याच मागे.

मग भाऊ. 'सावत्र' हा शब्द सवतीवरून आलेला; बापाच्या दुसऱ्या बायकोचं मूल हा त्याचा मूळ अर्थ. बोलण्यात मात्र तो सगळीकडे चालतो, आणि घोळ तिथेच होतो. म्हणून वंशावळीत प्रत्येक नावापुढे दोन रकाने आखतो: पोटचा कोणाच्या, बाप कोण. इथे असं निघालं:

पहिला, मयताच्या आईला मागच्या नवऱ्यापासून झालेला. आई एक, बाप वेगळे. कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे वारसांच्या यादीत, खालच्या स्पष्टीकरणात लिहिलंय की 'भाऊ' या शब्दात असा भाऊ धरायचा नाही. रक्ताचा असून तो मागे पडतो.
दुसरा, या बाईंनी पहिल्या घरून बरोबर आणलेला, त्यांचा थोरला. मयताशी रक्ताचं नातं शून्य.
तिसरा, याच बाईंना मयताच्या बापापासून झालेला, त्यांचा धाकटा. बाप एक, आया वेगळ्या. हा अर्धरक्ताचा भाऊ, वर्ग 2 चा वारस. सख्खा भाऊ असता तर कलम 18 प्रमाणे त्याच्यापुढे हाही मागे पडला असता. इथे सख्खं कुणीच नाही, बापही आधीच गेलेला. बाग याची.

दुसऱ्याच्या आधारवर, शाळेच्या दाखल्यावर सावत्र बापाचंच नाव. तलाठ्याने कागद बघून त्याला मुलगाच धरला असता, आणि त्यात तलाठ्याची चूक म्हणता आली नसती. नाव लावल्याने मूल दत्तक होत नाही. त्याचा जन्मदाखला मागवला, बाईंच्या पहिल्या नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला जोडला, तेव्हा उलगडा झाला.

अर्ज पुन्हा टाइप केला. वारस एक, बाईंच्या नावापुढे 'सावत्र आई (वडिलांची विधवा)'. सही करताना त्यांनी तो शब्द दोनदा वाचला, मग विचारलं, ''थोरल्याला काहीच नाही?''

धाकटा लगेच म्हणाला, अर्धी बाग त्याच्या नावावर करू. सोबतच्या कुणीतरी हक्कसोड सुचवली. ती चालत नाही. हक्कसोड वारसाने सहवारसाच्या लाभात करायची असते, आणि हा वारसच नाही. आधी धाकट्याच्या नावे फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावातला बदल) मंजूर व्हायचा, मग नोंदणीकृत बक्षीसपत्र. त्या दस्तात नातं काय लिहायचं, हे मात्र सोपं निघालं. दोघं एकाच पोटचे.